आपला दिवा आपण बंद करायचा

अभयदादा,

तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही, आणि आजारी माणसांकडे मदतनीस पाठवणाऱ्या एजन्सीने तुझ्या वेळेला मला दुसरी शिफ्ट देऊनही टाकली. बॉकम हिल्सला एक ग्रीक आजी आहेत. त्या दिवसभर टीव्हीसमोर बसतात, मला ‘डार्लिंग’ म्हणतात आणि माझ्याशी अजिबात भांडत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांना चहा दिला, पाठीमागची उशी सारखी केली आणि सवयीने त्यांच्या डोळ्यांकडे बघत उभी राहिले. त्या म्हणाल्या, “व्हॉट इज इट, डार्लिंग?” तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तुझं वाक्य पुरं व्हायची वाट बघत होते.

तुझ्या फ्युनरलला बरेच जण बोलले. तू इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लायटिंग कसं करायचास, सिटीतल्या कुठल्या उंच इमारतीचे दिवे तुझ्या डिझाइनवर चालतात, बार्बेक्यूला तू किती हसवायचास. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. त्या माणसाला मी भेटलेच नव्हते. मला भेटला तो खुर्चीत बसवलेला, पट्ट्याने डोकं सांभाळलेला, डोळ्यांशिवाय फारसं काही हलवू न शकणारा, आणि त्या डोळ्यांनी एकेक अक्षर टिपत शिव्या घालणारा माणूस. कुणी मला बोलायला सांगितलं असतं तर या माणसाबद्दल काय सांगितलं असतं, कोण जाणे. म्हणून तुलाच सांगते.

मी आले ते वर्ष तुला आठवत असेल. कोविडमध्ये बंद झालेली ऑस्ट्रेलियाची बॉर्डर उघडली आणि आम्ही स्टुडंट लोंढ्याने आलो. विमानात अर्धी पोरं पुण्या-हैदराबादची, सगळ्यांच्या बॅगेत प्रेशर कुकर. मास्टर्स आयटी. एजंटने दाखवलेल्या फोटोत कॅम्पसवर हिरवळ होती. आमचं कॅम्पस म्हणजे एका ऑफिस बिल्डिंगचे दोन मजले. घर मिळता मिळेना. शेवटी हॅरिस पार्कला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच मुली. माझ्या वाट्याला लाउंज आला, म्हणजे सोफ्याच्या पाठीमागे एक गादी आणि समोर पडदा. लाउंजलाच लागून किचन. कुणीतरी सतत शिफ्टवरून येणार, कुणीतरी जाणार, कुणीतरी मॅगी करणार. डोक्यावरचा दिवा माझा नव्हता. तो कधी लागेल आणि कधी बंद होईल ते बाकीच्या चौघी ठरवायच्या. त्यांचाही इलाज नव्हता. मी तोंडावर ओढणी घेऊन झोपायचे.

हे तुला मी एकदाच सांगितलं होतं. 

पहिल्या दिवशी तूच आधी बोललास. एजन्सीने मला एवढंच सांगितलं होतं: कॅसल हिल, पुरुष, सत्तेचाळीस, मोटर न्यूरॉन डिसीज, मराठी बोलणारी मुलगी असली तर बरं. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की यात एकेक करून सगळे स्नायू काम सोडतात आणि डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. ऐकायला ते बरं वाटलं होतं. तुझ्यासमोर उभं राहिल्यावर कळलं की वाईट भाग तोच आहे.

तुझ्यासमोर स्टँडवर तो कॉम्प्युटर होता. तू ज्या अक्षराकडे बघशील ते उमटायचं, आणि वाक्य झालं की मशीन मोठ्याने वाचायचं. तू मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचास आणि मशीन ते ऑसी, म्हणजे ऑस्ट्रेलियन इंग्रजी, आवाजात वाचायचं. माझ्याशी तुझं पहिलं वाक्य होतं, “चिंच-वॉड मॅडी कूथ?” म्हणजे, चिंचवडमध्ये कुठे?

मला हसू आवरेना. वैशालीवहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनाही. बायकोला हसवायचं म्हणून तू मशीन मुद्दामच त्या आवाजात ठेवलं होतंस, हे मला पुढे कळलं.

“बिजलीनगर,” मी म्हटलं.

तुझे डोळे अक्षरांवरून फिरले. “मग तुला वायरिंग यायला हवं.”

येत नव्हतं. पण त्या दिवसापासून तू ‘दादा’ झालास. तूच सांगितलंस, सर म्हणालीस तर एजन्सीला फोन करून हाकलून देईन. फोन कसा करशील, असं मी विचारलं. हसायचे स्नायू आधीच गेले होते. पण तुझ्या भुवईचा एक कोपरा अजून हलायचा, तो हलला.

माझी शिफ्ट सकाळची. घराजवळच्या पॅरामॅटाहून सकाळच्या बसने यायचे, तोपर्यंत चांगलं उजाडलेलं असायचं. खिडकीतून लख्ख ऊन आत, आणि तुझ्या उशाजवळचा दिवा चालू. खिडकीबाहेर व्हरांड्यातलाही चालू. पहिले काही दिवस मी येऊन मुकाट्याने बंद करायचे. वहिनी घाईत असतील, राहिला असेल. मग एके दिवशी तुझा चेहरा पुसताना तुझे डोळे बघितले. लाल, सुजलेले.

“रात्रभर दिवा असतो का रे?”

“असतो.”

“वहिनींना बंद करायला सांग की.”

मग जे होतं ते हळूहळू, तीन-चार सकाळींत मिळून कळलं. वहिनी दिवसा फार्मसीत कामाला. घरी येऊन तुझं सगळं. तुला झोपायच्या पोझिशनमध्ये ठेवून, श्वासाच्या मशीनचा मास्क लावून त्या दमून आपल्या खोलीत जायच्या. तेव्हा तुला झोप आलेली नसायची. तू कॉम्प्युटरवर वाचायचास, बहिणीला पुण्याला मेसेज करायचास. मग डोळ्यांनीच कॉम्प्युटर बंद करायचास. पण दिवे चालूच. तुझ्या गालाजवळ एक बटण होतं, गाल किंचित हलवला की वहिनींच्या खोलीत घंटी वाजायची. ती श्वास अडकला तर वाजवायची. दिव्यासाठी तू ती वाजवत नव्हतास. “ती कशीबशी झोपलेली असते,” तू लिहिलंस. “दिव्यासाठी उठवू?”

म्हणून तू रोज उजेडात पडून राहायचास. ओढणीही नव्हती तुझ्याकडे.

मी म्हटलं, बाजारात स्मार्ट बल्ब मिळतात. तू म्हणालास, ड्रॉवर उघड. ड्रॉवरमध्ये दोन प्रकारचे पडले होते. त्यांचं अॅप तुझ्या कॉम्प्युटरवर चालत नव्हतं. तो कॉम्प्युटर तुझा नव्हता, एका संस्थेने आजार असेपर्यंत वापरायला दिलेला होता आणि त्यावर काहीही नवीन टाकायला मनाई होती. वीस वर्षं तू आख्ख्या इमारतींचे दिवे ठरलेल्या वेळी बंद केलेस, आणि स्वतःच्या खोलीतला एक बंद होईना. हे मी तुला बोलून दाखवलं. तू लिहिलंस, “थँक्स. माझ्या लक्षात आलं नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा स्क्रीनवर आधीच टाइप केलेलं होतं. “कॉम्प्युटर बंद झाला की दिवे बंद. मला वेगळं काही करायला लागता कामा नये. हात तुझे, डोकं माझं. चालेल?”

युनिव्हर्सिटीत एका विषयाला आम्हाला ते छोटे बोर्ड दिले होते. पत्त्यांच्या जोडाएवढा एक आख्खा कॉम्प्युटर, त्याच्या कडेला पिनांची रांग, त्या पिनांना वायरी जोडून दिवा लाव, पंखा फिरव. मी असाइनमेंट केली होती, पास झाले होते, आणि त्याचा पुढे कशाला उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. तसलाच एक विकत आणला. तुझी पहिली अट होती की भिंतीतल्या विजेला हात लावायचा नाही, लायसन्स नसताना तो गुन्हा आहे, आणि शिवाय तू मेलीस तर मला पाणी कोण पाजणार. म्हणून उशाला बारा व्होल्टचा दिवा आणला, व्हरांड्यात बागेत लावतात तसला एक. दोन्ही त्या बोर्डाकडून.

आता प्रश्न उरला की तुझा कॉम्प्युटर बंद झाला हे बोर्डाला कळणार कसं?

यूएसबीचं तुला आधी सुचलं. कॉम्प्युटर बंद झाला की त्या भोकातली वीज जाणार, बोर्डाने तेवढं बघायचं. अर्धी सकाळ मी वायरी सोलत बसले. कॉम्प्युटर बंद केला, वीज गेलीच नाही. तो बंद असतानाही फोन चार्ज करायची सोय होती त्यात. तू एवढा चिडलास की मशीनला एकच शब्द चार वेळा वाचायला लावलास, आणि बाहेरच्या खोलीतून तुझी लेक रेवा ओरडली, “बाबा, लँग्वेज!”

मग माझी पद्धत. बोर्ड घरच्या नेटवर्कवरून दर थोड्या वेळाने तुझ्या कॉम्प्युटरला हाक मारणार. उत्तर येतंय तोवर दिवे चालू, उत्तर यायचं थांबलं की बंद. सकाळी करून बघायचो तेव्हा हे सुंदर चाललं. दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी बोर्ड पहिल्यांदाच रात्रीसाठी चालू ठेवला, आणि संध्याकाळी मी वहिनींच्या मदतीला थांबले होते. थंडीचे दिवस, लवकर अंधारून आलेलं. तुझ्या घशात कफ दाटला होता आणि वहिनी नळीने तो ओढून काढत होत्या. तू डोळे मिटले होतेस. डोळे बराच वेळ मिटलेले राहिले की तो कॉम्प्युटर बंद होत नसे, नुसता झोपत असे. पण झोपला तरी हाकेला ओ देत नसे. बोर्डाला वाटलं, बंद झाला. खोलीत गुडुप अंधार.

वहिनींच्या हातात नळी, नळी तुझ्या तोंडात. तू घुसमटलेला तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी दाराजवळच्या मोठ्या दिव्याच्या बटणावर झडप घातली. काही सेकंदच गेले असतील. उजेड आला तेव्हा तुझे डोळे टक्क उघडे होते आणि वहिनींचा चेहरा पांढरा पडला होता.

तू ठीक झाल्यावर त्यांनी बोर्ड प्लगमधून उपटला आणि किचनच्या ड्रॉवरमध्ये टाकला. “प्रयोग करायचे तर युनित कर,” त्या मला म्हणाल्या. “माझ्या घरात नाही.”

त्यात तुझी चूक होती की माझी, यावर आपण पुढे बरंच भांडलो. तुझं म्हणणं, हाक मारायची कल्पना माझी. माझं म्हणणं, तो झोपतो हे तू सांगायला हवं होतंस.

पण त्या संध्याकाळी मी वहिनींच्या मागे किचनमध्ये गेले. त्या सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “त्याला अंधार हवाय. मला माहितेय. पण मला दिसायला नको का?”

“काय वहिनी?”

“मी रात्री येते दाराशी. उठून येते. मास्कचा आवाज ऐकू येतो, पण त्यावर माझा भरवसा नाही. त्याची छाती हलतेय का ते बघते, मग जाऊन पडते. तो दिवा मी मुद्दाम ठेवते, मृणाल.” मग वळून म्हणाल्या, “त्याला सांगू नकोस हां. मी झोपत नाही असं कळलं तर तो नर्सिंग होमला जायचं काढेल.”

मी शब्द दिला. आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यासमोर उभी राहून खोटं बोलायला लागले. म्हटलं, दादा, पूर्ण अंधार नको. पायाशी एक बारीक दिवा असू दे. कुणी आलं तर अडखळेल.

“कार्पेटला कोण अडखळतं?”

“नियम असेल एजन्सीचा.”

“दाखव नियम.”

मी पांघरुणाची घडी करत राहिले. तुझे डोळे अक्षरांवरून फिरत होते, थांबत होते, मागे जाऊन खोडत होते. मग त्या ऑसी आवाजाने हळूच वाचलं, “वैशाली बघायला येते. म्हणून ना?”

घडी माझ्या हातातच राहिली.

“मी डोळे मिटून पडतो,” तू लिहिलंस. “ती आली की कळतं. तिला सांगू नकोस मला माहितेय ते. मग ती येणार नाही. किंवा येऊन बोलत बसेल. दोन्ही वाईट.”

तुमच्या दोघांच्या मधे मी अशी दोन्हीकडे शब्द देऊन बसले. लाउंजमध्ये पडद्यामागे पडल्या पडल्या मला तुम्ही दोघं दिसायचात. ती दारात उभी, जागी. तू पलंगावर, जागा. आणि मधे तो दिवा, जो तिला हवा होता म्हणून तुला बंद करता येत नव्हता.

त्यानंतर तू जे डिझाइन केलंस, ते तुझ्या इमारतींपेक्षा मोठं आहे असं मला वाटतं. याबद्दल मात्र फ्युनरलला कुणी बोललं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

आधी कॉम्प्युटरचा प्रश्न. तू म्हणालास, आपण मूर्ख आहोत, समोर बघ. कॉम्प्युटरच्या कडेला तांदळाएवढा एक हिरवा दिवा होता. चालू असताना स्थिर. झोपला की लुकलुकणारा. खरंच बंद झाला की विझलेला. बोर्डाने हाका कशाला मारायच्या? त्याने त्या दिव्याकडे नुसतं बघावं. वहिनी कामावर गेल्यावर मी ड्रॉवरमधला बोर्ड परत काढला, उजेड ओळखणारा एक छोटा सेन्सर आणला आणि काळ्या टेपने त्या हिरव्या दिव्यावर चिकटवला. स्थिर असेल तर काही करायचं नाही. लुकलुकला तर काही करायचं नाही. चांगला वेळ पूर्ण अंधार राहिला, तरच दिवे बंद. कॉम्प्युटरच्या आत काही टाकलं नाही, कसला नियम मोडला नाही. नुसती बाहेरून नजर ठेवली. “माझ्यासारखीच,” तू लिहिलंस.

मग दार. दाराच्या चौकटीला चोराच्या अलार्मला लावतात तसला लोहचुंबकाचा स्विच. दार ढकललं गेलं की पलंगाच्या कडेखालची एक मंद, पिवळी पट्टी लागणार. दार ओढून घेतलं की विझणार. त्या पट्टीचा कोन ठरवायला तू मला तीन सकाळी राबवलंस. वर घे, खाली घे, डावीकडे. डोळ्यांवर नको. तोंडावर नको. मी वैतागून म्हटलं, मग कशावर हवाय उजेड?

“छातीवर,” तू लिहिलंस.

मी मान खाली घालून पट्टी फिरवत बसले.

वहिनींना मी एवढंच म्हटलं की दार उघडलं की थोडा उजेड येईल, मोठा दिवा लावावा लागणार नाही. त्यांनी मला त्यांच्यासमोर चालू-बंद करून दाखवायला लावलं. कॉम्प्युटर झोपवून दाखवायला लावलं. प्लग काढून दाखवायला लावलं. मग ‘बरं’ म्हणाल्या. त्या ‘बरं’नंतर दाराशी उभ्या राहून त्यांनी तो उजेड कुठे पडतोय ते बघितलं, आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी बसमधून उतरले ती जवळजवळ पळतच आले. व्हरांड्यातला दिवा बंद होता. आत आले, उशाचा बंद होता. तू जागा होतास, आणि डोळे पांढरे स्वच्छ.

“काल मी झोपलो,” मशीन म्हणालं.

“रोजच झोपतोस की.”

“नाही. रोज मला झोपवतात. काल मी झोपलो.”

दादा, मी तोंड धुवायचं पाणी आणायला म्हणून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. आनंदानेच. पण त्यात थोडी असूयाही होती, तीही सांगून टाकते. तू झोपलास त्या रात्री आमच्या लाउंजमध्ये कुणाचा तरी वाढदिवस होता.

त्यानंतर आपलं ते मोठं भांडण. मला वाटतं, दिवा मिळाल्यावर तुझी भीड चेपली. माझं डिग्रीचं शेवटचं सेमिस्टर चालू होतं, नोकरीचे अर्ज चालू होते, उत्तरं येत नव्हती. बाबांच्या हार्टच्या ऑपरेशनला मी जाऊ शकले नव्हते, कारण परीक्षा आणि हजेरी आणि व्हिसा. एका सकाळी तुझा हात चोळताना मी म्हणून गेले, “दादा, मी इथे अडकलेय रे.”

“मग परत जा.”

“असं कसं जाऊ? एवढं सगळं करून?”

“पायांनी. चालतात ना तुझे?”

मी तुझा हात उशीवर ठेवला, अगदी नीट ठेवला, आणि म्हटलं, “तुझ्या अडकण्यापुढे दुसऱ्या कुणाचं अडकणं मोजायचंच नाही, असं काही आहे का?” आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. शिफ्ट संपेपर्यंत कामापुरतं बोलले. तूही.

पुढच्या शिफ्टला तू टाइप करून ठेवलं होतंस. बरंच मोठं. तेवढं लिहायला तुला किती वेळ लागला असेल याचा मी अंदाज करू शकते, म्हणून करत नाही. तू लिहिलं होतंस की तूही असाच आला होतास, स्टुडंट म्हणून, मेरिकव्हिलला एका गॅरेजमध्ये राहायचास. तुलाही पहिल्या वर्षी परत जायचं होतं. आई म्हणाली, थोडं थांब. मग पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, होईपर्यंत थांबलास, मग घर होईपर्यंत, मग रेवाची शाळा. “मी राहिलो ते चुकलं असं नाही,” तू लिहिलंस. “पण राहायचं, असं मी कधी ठरवलं नाही. नुसता गेलो नाही. तुला राहायचं असेल तर ठरवून राहा.”

मी म्हटलं, ठरवायलासुद्धा चार भिंती लागतात, पडद्यामागे काय ठरवणार. तू म्हणालास, ही पळवाट आहे. मी म्हटलं, असेल. इथे आपलं भांडण थांबलं, कारण त्या आठवड्यात तुला ताप आला.

ताप उतरला, पण श्वास पहिल्यासारखा झाला नाही. डॉक्टरांनी घरी येऊन विचारलं की गळ्याला भोक पाडून कायमचं मशीन लावायचं का. बराच काळ काढता येईल, म्हणाले. तू नाही म्हणालास. वहिनी तुझा मास्क सारखा करत राहिल्या. रेवा बोलली. ती इंग्रजीतच बोलली, ती रागात असली की मराठी सोडते. “यू डोंट गेट टू जस्ट डिसाइड दॅट, बाबा.” तू तिला जे उत्तर दिलंस ते मी ऐकलं नाही. तू मला बाहेर जायला सांगितलंस आणि मी दार ओढून घेतलं. ती बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं आणि ती माझ्याशी पहिल्यांदा आपणहून मराठीत बोलली. “मला रागावताही येत नाही आता,” म्हणाली.

मलाही तुझा राग आला होता. ते मी तुला सांगितलं नाही. आत्ता सांगते. तुझ्या जागी आपण असतो तर आपणही तेच म्हटलं असतं असं सगळे समजूतदारपणे म्हणतात, आणि असेलही. पण मला तू हवा होतास. त्या पट्टीचा कोन अजून थोडा चुकतोय म्हणणारा. एवढं साधं कारण होतं, आणि ते तुला सांगायला मला लाज वाटली.

तू गेलास तेव्हा दुपार होती. मी ट्यूटोरियलला होते. वहिनींचा मेसेज आला, “गेला. शांत होता. तू ये.” मी पॅरामॅटाला बसची वाट बघत उभी होते आणि माझ्या शेजारी दोन नवीन पोरं, पाठीवर टॅग न काढलेल्या बॅगा, मराठीत भांडत होती की कॅम्पस कुठल्या बाजूला. मी त्यांना रस्ता दाखवला.

विधी झाले, पाहुणे गेले. मग एका दुपारी वहिनी आणि मी तुझे टॉवेल घड्या करत बसलो होतो, आणि मी तुला दिलेला शब्द मोडला. रागावायचं तर रागाव. म्हटलं, “वहिनी, तुम्ही रात्री यायचात ते त्याला माहीत होतं.”

त्यांचे हात थांबले. “जागा असायचा?”

“कधी कधी. डोळे मिटून पडायचा.”

“आणि ती पट्टी?”

“तुमच्यासाठीच. तुम्हाला छाती दिसावी म्हणून. तीन दिवस कोन लावत होतो.”

त्यांनी अर्धवट घडी मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, “मी दाराशी उभी राहून त्याला रोज गुड नाइट म्हणायचे. तोंडातल्या तोंडात. ऐकलं असेल का त्याने?”

मला माहीत नव्हतं, दादा. तू कधी सांगितलं नाहीस, आणि मी कधी विचारलं नाही. मी म्हटलं, “ऐकलं असेल.” हे खोटं असेल तर तूच सांभाळून घे.

काल भाड्याचा पलंग न्यायला माणसं आली. तुला उचलायचा होइस्टही गेला. खोली एकदम मोठी झाली, कार्पेटवर चाकांचे चार खड्डे. वहिनी मधोमध उभ्या होत्या. म्हणाल्या, “तू इकडे राहायला ये. इथे, या खोलीत. रेवालाही बरं वाटेल. मलाही.”

मी लगेच हो म्हटलं. विचार करते म्हणायला हवं होतं, रीत म्हणून तरी. पण मला ती खोली हवी होती, आणि तुझी खोली मला हवी आहे याचं मला वाईटही वाटत होतं, आणि दोन्ही खरं होतं. परत जायचं की राहायचं ते इथे येऊन ठरवीन. ठरवीन, हां. नुसती राहणार नाही.

मग वहिनी खाली बसल्या आणि त्या चार खड्ड्यांच्या मधे, कार्पेटवर, सरळ आडव्या झाल्या. हात अंगालगत. मीही त्यांच्या शेजारी आडवी झाले. आम्ही वर बघत राहिलो.

रेवा शाळेतून आली, बॅग खांद्यावर तशीच, दारात उभी राहिली. “व्हॉट आर यू गाइज डुइंग?”

“बाबाला काय दिसायचं ते बघतोय,” वहिनी म्हणाल्या.

तिने बॅग टाकली, बूट काढले आणि आमच्या मधे येऊन पडली. वर बघितलं.

“इट्स जस्ट सीलिंग,” ती म्हणाली.

“हो,” वहिनी म्हणाल्या. “तेवढंच.” आणि मग, तू गेल्यापासून पहिल्यांदा, त्या मोठ्याने रडल्या. रेवाने त्यांचा हात धरला, मी रेवाचा. कुणी हलत नव्हतं. वर एका कोपऱ्यात रंगाचा थोडा पोपडा सुटलाय. त्याखेरीज खरंच काही नाही तिथे.

खूप वेळ पडून होतो. मग रेवाला भूक लागली, म्हणून उठलो.